कासवासाठी कंपाउंड

परसात पाळल्या जाणाऱ्या मोठ्या कासवांत सुलकाटा हे आफ्रिकी कासव विशेष प्रसिद्ध आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात त्याचे मूळ घर. अंड्यातून निघालेले पिल्लू तळहातावर मावते. पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोंचा होतो, कधी त्याहूनही जड, आणि सत्तर वर्षे सहज जगू शकतो. दुकानदार यातली पहिली बाब गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. बाकीच्या गिऱ्हाइकाला पुढे यथावकाश कळतात.

"केवढं होतं हो हे?"

"टाकी जेवढी, कासव तेवढंच राहतंय."

या सिद्धांताला जीवशास्त्रात आधार नाही. तो मान्य केल्यास एक खोलीच्या घरात राहणाऱ्या माणसांची उंची तीन फुटांवर थांबायला हवी होती.

कुंपणाआधी कायदा येतो. आपल्याकडच्या माळरानावर सापडणारे, पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले तारा कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, आणि २०१९ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बाळगल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. तरीही घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते, ही समजूत टिकून आहे. कोणी ते उत्तरेला ठेवायला सांगतो, कोणी ईशान्येला. वनविभागाच्या पंचनाम्यात दिशेचा रकाना नसतो.

परदेशी सुलकाटाची गोष्ट वेगळी. ते साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पिल्लू झाले, कासव दुसऱ्याला दिले किंवा ते मेले, तर तेही कळवायचे. ज्या भागात मास्तरांच्या कृपेने निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, तिथे कासवाच्या जन्मतारखेचा प्रश्न निघाल्यावर काय उत्तर येणार हे सांगायला नको. कागदपत्रे नसलेले कासव घेऊ नये. "कागद काय, नंतर करून देतो" असे म्हणणारा दुकानदार नंतर त्या गल्लीत सापडत नाही.

कागद झाले की जागा. एका प्रौढ सुलकाटाला निदान २० बाय २० फूट मोकळी जागा सांगतात, आणि अधिक मिळाली तर चांगलेच. जालन्याच्या नव्या वसाहतींत प्लॉट बहुधा २० बाय ३०चा असतो. म्हणजे सहाशे चौरस फुटांपैकी चारशे कासवाला, आणि उरलेल्या दोनशेत आई, वडील, दोन मुले, आजी, मोटारसायकल व पाण्याचे ड्रम. हा हिशेब पिल्लू आणताना कोणी करत नाही. पिल्लू बुटाच्या खोक्यात झोपलेले असते आणि सगळे घर भोवती बसून "किती गरीब आहे" म्हणत असते. खेड्यावर घरामागे मोकळी जागा असते, पण तिथे आधीपासून एक गाय, दोन शेळ्या आणि भाऊबंदकीतला बांध असतो. कासवाचे कुंपण बांधावर घातले की वर्षानुवर्षे न बोलणारे चुलते त्याच दिवशी बोलू लागतात.

कासवाविषयीच्या सगळ्या गैरसमजांचे मूळ ससा-कासवाच्या गोष्टीत आहे. प्राणी हळू चालतो एवढेच लोकांनी ध्यानात ठेवले. तो थांबत नाही, हे विसरले. सुलकाटाला तीन सवयी आहेत: खणणे, ढकलणे आणि चढणे. आफ्रिकेत उन्हापासून वाचण्यासाठी ते तीन मीटर आणि त्याहूनही लांब बीळ खणते. समोरचा अडथळा ते आधी नाकाने तपासते आणि मग अंगाने रेटते. कोपरा दिसला की भिंतीला पाय लावून चढू बघते. हे सगळे रोज, तेवढ्याच निष्ठेने, रजा न घेता.

इथे मराठवाडी बांधकामाशी त्याचा सामना होतो. आपल्याकडे मापे दोन असतात. एक नकाशातले आणि एक "चालतंय की" या नावाचे. दाराला खिट्टी बसत नसली तर सुतळी, सुतळी तुटली तर वीट, वीट कोणी उचलून नेली तर "चोर इकडं येतच नाही". माणसे, कुत्री, शेळ्या, सगळे या दुसऱ्या मापाशी जुळवून घेतात. सुलकाटा घेत नाही. ते रोज सकाळी कुंपणाच्या कडेने फिरून सुतळी कुठे आहे ते पाहते.

म्हणून कुंपणाची सुरुवात पायापासून करतात. भिंत जमिनीवर निदान दोन फूट आणि जमिनीखाली दोन फूट असावी. जालन्यात यात काळी माती आडवी येते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. वरवर पाया घातलेली भिंत तिसऱ्या उन्हाळ्यात दुभंगते. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि हे मिस्त्रीला सांगताना मालकाचा आवाज आपोआप खाली येतो.

"कशाचं कंपाउंड म्हणले?"

"कासवाचं."

"कासव? पळून पळून कुठवर पळंल हो ते?"

"ते जमिनीखालून जातं."

मिस्त्री फावड्यावर हात टेकून बराच वेळ मालकाकडे बघतो. "साहेब, तुमच्या घराचा पाया म्या दीड फुटात बसवलाय. आन् कासवाला मुरूम?"

ही माहिती मालकाला नवीन असते. त्यानंतर कासवाचे काम दोन दिवस बंद राहते आणि घराच्या भिंतींवरचे तडे मोजले जातात.

ज्याला एवढे खोल जायचे नाही, त्याच्यासाठी दुसरा उपाय आहे. भिंतीच्या आतल्या बाजूने जाड तारेची वेल्डिंग जाळी जमिनीखाली दोनेक फूट आडवी पसरून गाडतात. कासव भिंतीशी खणू लागले की नखे जाळीला लागतात आणि ते नाद सोडते. जाळी गाडली आहे हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. नाही तर पहिल्याच पावसात कोणी तरी तिथे तुळस लावायला कुदळ घालते.

भिंत आरपार दिसणारी नसावी. हा नियम जगभर सांगितला जातो आणि जगभर मोडला जातो. पलीकडचे हिरवे दिसले की कासव तिकडे निघते, आणि जाळी मध्ये आहे हे त्याला पटत नाही. ते तिच्यावर डोके घासते, पाय अडकवते, कडा वाकवते. विटांची, सिमेंटच्या ब्लॉकची किंवा खालून पत्रा मारलेली भिंत असली की पलीकडे जग आहे हा विचारच त्याला शिवत नाही. या बाबतीत ते माणसाहून समाधानी ठरते. माणसाच्या भिंती उंच केल्या की त्याचे शेजारच्या घराकडे लक्ष वाढते.

कोपरे गोल ठेवावेत. काटकोनात कासव दोन्ही भिंतींचा आधार घेऊन वर चढते आणि पाठीवर पडते. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्या उन्हात उताणे पडलेले कासव थोड्याच वेळात जिवाला मुकते. मिस्त्रीला गोल कोपरा सांगितला की तो म्हणतो, "गोल म्हंजी विहिरीवानी?" याला हो म्हणावे. तो विहीर चांगली बांधतो.

फाटक हा कुंपणाचा सर्वांत दुबळा भाग. जालना हे सळईचे शहर आहे. इथल्या कारखान्यांतून निघालेली सळई भल्याभल्या पुलांना पुरते, त्यामुळे कासवाच्या फाटकाला लोखंड कमी पडण्याचे कारण नाही. अडचण लोखंडाच्या आधी सुरू होते. वेल्डिंगवाला वेलबुट्टीचे ग्रिल करून देतो, त्यावर मोर काढतो, खाली चार इंच फट ठेवतो आणि म्हणतो, "हवा खेळती पाहिजे." मोराखालून पिल्लू निघून जाते. फाटकाच्या खालच्या दीड फुटाला पत्रा मारावा, तळाला सिमेंटचा उंबरा करावा आणि आपोआप लागणारी कडी बसवावी. सुटलेल्या कासवाची चौकशी केली की भिंत बहुतेक वेळा निर्दोष सुटते. फाटक उघडे राहिलेले असते. ते कोणी उघडे ठेवले हे कोणत्याही घरात सिद्ध झालेले नाही. आजीच्या मते दूधवाल्याने, दूधवाल्याच्या मते मुलांनी, मुलांच्या मते कासवाने.

कासव सुटल्यावर मालक जवळच्या ठाण्यात जातो, तेव्हा होणारा संवाद साधारण असा असतो.

"शेवटचं कुठं दिसलं होतं?"

"काल संध्याकाळी, फाटकापाशी."

"मग आजूनबी फाटकापाशीच आसंल की. नीट बघा जाऊन."

मालक घरी येऊन बघतो. कासव शेजारच्यांच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात असते. वाफा मात्र राहिलेला नसतो.

कुंपणाच्या आत रात्रीची खोली लागते. सुलकाटा थंडीत झोपून राहणाऱ्या कासवांपैकी नाही. रात्री पारा १५ अंशांखाली आला की त्याला ऊब हवी, आणि जालन्यात डिसेंबर-जानेवारीत तो याहून बराच खाली उतरतो. ओल आणि थंडी एकत्र आली की कासवाला छातीचा आजार होतो, म्हणून खोलीची जमीन आजूबाजूपेक्षा उंच आणि कोरडी असावी. ऊब देणारा विजेचा दिवा बसवावा आणि वीज गेल्यावर काय, याचाही विचार करून ठेवावा. छपराला नुसता पत्रा घातला तर उन्हाळ्यात तिची भट्टी होते. पत्र्यावर कडब्याचा जाड थर टाकतात. शेळ्या तो दोन दिवसांत खाली ओढतात, मग पुन्हा टाकतात.

उन्हाळ्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे सिमेंटचा रुंद पाईप जमिनीत तिरपा गाडून वर माती लोटणे. तयार बीळ मिळाले की कासव दुपार तिथे काढते आणि भिंतीखाली खणण्याचा त्याचा उत्साह कमी होतो. हे पाईप नळकांडी पुलाला वापरतात तेच असतात, आणि त्यातून वेगळीच भानगड निघते. परसात पाईप उतरताना दिसले की गल्लीत बातमी पसरते.

"इकडून रस्ता चाललाय का?"

"नाही हो, कासवासाठी आहे."

"बरं. सांगायचं नसंल तर राहू द्या."

समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यातून गेला आणि जालना-नांदेड मार्गाची मोजणी ज्यांनी दारात पाहिली, त्यांना कासव हे कारण पटत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारचा माणूस आपला प्लॉट विकायचा बेत रद्द करतो.

खणायला वाळूही द्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते. ती पुस्तके गोदाकाठच्या जिल्ह्यात लिहिली गेलेली नाहीत. इथे वाळूचा ढीग घरासमोर पडला की कासवाआधी चार जण चौकशीला येतात: पहिला पावती मागतो, दुसरा भाव विचारतो, तिसरा "आम्हाला बी एक ब्रास बघा" म्हणतो, आणि चौथा रात्री येतो. कासवाने मुरूम-मातीवर भागवावे. भागते.

पाण्यासाठी उथळ हौद करतात, कासवाच्या हनुवटीपर्यंत पाणी येईल इतकाच. कासव त्यात उतरते, पाणी पिते, आणि बहुधा तिथेच शी करते. म्हणून पाणी रोज बदलावे असे सांगितले जाते. नळ रोज येतो हे गृहीत धरून सांगितलेली ही सूचना आहे. जालन्यात पाणी येण्याचा दिवस घरातले सणासारखे लक्षात ठेवतात, आणि टँकरवाल्याचा नंबर मावशीच्या नंबरच्या वर असतो. हौदाचे उतरलेले पाणी मोसंबीच्या आळ्यात सोडले तर वाया जात नाही. मोसंबीला ते मानवते. कुठले पाणी आहे हे पाहुण्यांना रस पिऊन झाल्यावर सांगावे.

आहाराचा नियम सोपा आहे: गवत, गवत आणि गवत. हराळी, वाळलेला चारा, जास्वंदीचा पाला, काटे काढलेले निवडुंगाचे पान. पालक जपून द्यावा, फळे क्वचित. डाळ, पोळी, पाव आणि दूध देऊच नये. कुंपणात कण्हेर लावू नये, ती विषारी आहे. कोवळ्या ज्वारीचे धाट जनावराला बाधते हे शेतकऱ्याला ठाऊकच असते, ते कासवालाही घालू नये. नियम पाळणे कठीण होते ते लोकांमुळे. कासव हा विष्णूचा अवतार. देवळापुढे दगडी कासवाला हात लावून आत जाणाऱ्या गल्लीला जिवंत अवतार परसात आहे असे कळले की आहारतक्ता संपतो. एकादशीला शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी आणतात.

"काकू, त्याला हे चालत नाही."

"अगं बाई! मग उपासाला काय देता त्याला?"

कासवाला उपास बाराही महिने गवताचा असतो, हे काकूंना पटायला वेळ लागतो. तोवर कुंपणाच्या भिंतीवर हळदीकुंकवाची पाच बोटे उमटलेली असतात.

नाव ठेवण्याची घाई करू नये. पाठीची लांबी फूटभराच्या पुढे जाईपर्यंत नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही. नराचे पोट आत वळलेले असते, मादीचे सपाट. एवढे दिवस कोणी थांबत नाही, आणि 'लक्ष्मी' पुढे दुसऱ्या नराशी टकरा घेऊ लागते. यात शरमण्यासारखे काही नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट या नामांकित निसर्गअभ्यासकाने 'टिमथी' नावाचे कासव पाळले आणि त्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. टिमथी मादी होती, हे ती मेल्यावर कळले. दोन नर मात्र एका कुंपणात ठेवू नयेत. ते एकमेकांना उलटे पाडतात, आणि त्यासाठी घाई करत नाहीत.

वजन वेळोवेळी घ्यावे. घरातल्या काट्यावर कासव उभे राहत नाही, म्हणून त्याला मोंढ्यात नेतात. हमाल पोते उतरवावे तसे त्याला उतरवतो, मापाडी चष्मा पुसतो आणि सवयीने विचारतो, "माल कोणता? कडता किती धरायचा?" जनावरांच्या डॉक्टरांचा सगळा अनुभव गाईम्हशींचा असतो. ते कासवाला सगळ्या बाजूंनी पाहतात आणि शेवटी मालकालाच विचारतात, "खातंय का?" खात असेल तर ते ठीक आहे, असा निर्णय होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर कुठल्या शहरात आहे, हे आधीच शोधून ठेवावे.

बाहेरून येणाऱ्या धोक्यांत मोकाट कुत्री पहिली. ती कासवाचे पाय आणि कवचाची कड चावतात. लहान कासवांना मुंगूस, घार आणि कावळा यांचेही भय असते, म्हणून त्यांच्या भागावर वरूनही जाळी हवी. माणूस हा शेवटचा धोका. कासवाच्या नखांची संख्या वीस भरली की पैशांचा पाऊस पडतो असे सांगणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. फाटकाला कुलूप असावे आणि कासवाचे फोटो मोबाइलवर टाकू नयेत. पाहुणे कासवाच्या पाठीवर बाळ बसवून फोटो काढतातच. बाळ रडते, कासव चालू लागते, आणि फोटोत बाळाच्या मामाची चप्पल येते.

राहिला प्रश्न वयाचा. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन हे कासव १८८२ मध्ये तिथे आले तेव्हाच पूर्ण वाढलेले होते. गव्हर्नर बदलत गेले, कासव हिरवळीवर चरत राहिले. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातले 'अद्वैत' २००६ मध्ये गेले. ते अडीचशे वर्षांचे होते असे सांगितले जाते. ही दोन्ही वेगळ्या, महाकाय जातींची कासवे. सुलकाटाचे आयुष्य त्यांच्याइतके नसले तरी चाळिशीतल्या मालकापेक्षा त्याच्याच हातात वर्षे जास्त उरलेली असतात. म्हणून कुंपणाबरोबर वारसही ठरवावा लागतो. मृत्युपत्रात शेत थोरल्याला, घर धाकट्याला असे लिहून झाले की कासव कोणाला, यावर दोघेही प्रथमच एकमताने म्हणतात, "दादा, तुम्हीच ठेवा."

अमेरिकेत अ‍ॅरिझोनासारख्या उष्ण राज्यांत नकोशा झालेल्या सुलकाटांसाठी आश्रयकेंद्रे चालवावी लागतात. इथे तशी सोय नाही, आणि माळावर किंवा तळ्यात सोडून देणे हा उपाय नाही: सुलकाटा पोहत नाही, आणि परदेशी प्राणी इथल्या रानात सोडणेही योग्य नाही. त्यामुळे मुरमापर्यंत पाया, आंधळी भिंत, गोल कोपरे, कुलूपबंद फाटक आणि कबूल झालेला वारस यांपैकी एकही गोष्ट "बघू पुढं" या सदरात जात असेल, तर कासव आणू नये. आणि माळावर, शेतात किंवा कोणाच्या परसात तारा कासव दिसले, तर त्याला हळदीकुंकू न लावता, घरी न आणता, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.